नागपूरच्या उन्हात वाइनची ओळख : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

भेट मिळालेली रेड वाइनची एक बाटली मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर वर्षभर जपून ठेवली होती. ती जितकी जुनी होईल तितकी चांगली होईल, अशी माझी ठाम समजूत होती. मे महिन्यात ती खाली काढली, तेव्हा तोंडावरचे आवरण फुगलेले होते. ते सोलल्यावर बूच अर्ध्या पेराएवढे वर सरकलेले दिसले आणि मानेवर वाळलेल्या रसाचा जांभळट ओघळ होता. ग्लासात ओतलेल्या वाइनला पातेल्याच्या बुडाशी लागलेल्या जांभळाच्या मुरंब्यासारखा वास येत होता. वाइन अशीच असते असे समजून मी पुढची दोन वर्षे तिच्या वाटेला गेले नाही. नंतर एका फेब्रुवारीत नाशिकजवळच्या द्राक्षबागेत त्याच नावाच्या वाइनचा घोट घेतला, तेव्हा कळले की वाइनमध्ये काहीच दोष नव्हता. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तिला माळ्यावर ठेवणे, ही माझी चूक होती.

वाइनविषयीचे बहुतेक लेखन थंड देशांतल्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते आणि ते जसेच्या तसे नागपुरात वापरले, तर माझ्यासारखीच फसगत होते. म्हणून हा लेख नागपूरच्या घरातून, नागपूरच्या दुकानांतून आणि नागपूरच्या जेवणातून सुरुवात करतो.

एका बाबतीत मात्र आपण नागपूरकर आधीच पुढे आहोत. माझे माहेर काटोल तालुक्यातले. वडील संत्र्याची एक फोड तोंडात टाकत, क्षणभर थांबत आणि ते फळ आंबिया बहाराचे (हिवाळ्यातल्या फुलांचे) की मृग बहाराचे (पावसाळ्यातल्या फुलांचे), भारी काळ्या जमिनीतले की मुरमाड उतारावरचे, हे सांगत. झाडाला पाण्याचा ताण किती दिवस दिला, यावर फळ कसे उतरते हे आपल्याकडच्या बागायतदाराला पाठ असते. वाइनची सगळी दुनिया याच जाणिवेवर उभी आहे. तिथे फक्त फळ बदलते.

१. परवाना आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ पासून लागू आहे आणि मद्य विकत घेणे, जवळ बाळगणे व पिणे हे सर्व परवान्यावर चालते, ही गोष्ट अनेकांना वर्षानुवर्षे पिऊनही ठाऊक नसते. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन असतो. दर वर्षी आठवण ठेवण्याची कटकट नको असेल, तर सरळ आजीवन परवाना काढावा. अर्जासाठी पुढील गोष्टी हाताशी ठेवाव्यात :

- वयाचा पुरावा (वाइनसाठी किमान २१ वर्षे)
- रहिवासाचा पुरावा
- ओळखपत्र
- पासपोर्ट आकाराचे छायाचित्र

परवान्याची एक प्रत मोबाइलमध्ये आणि एक पाकिटात असू द्यावी. ती सर्वांत जास्त उपयोगी पडते प्रवासात. मात्र संपूर्ण दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांतून जाताना काय करावे, हे शेवटच्या टप्प्यात सविस्तर लिहिले आहे.

२. साधने

फार काही लागत नाही. वर निमुळते होत जाणारे दोन पारदर्शक ग्लास, बूच काढण्याचा साधा दुमडता स्क्रू, एक पांढरा कागद, एक वही आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर एवढे पुरते. पैसे खर्च करायचेच असतील, तर ते थर्मामीटरवर करावेत. नक्षीदार ग्लासांच्या मागे लागू नये, कारण नक्षीमुळे रंग दिसत नाही.

३. बाटलीआधी जिभेची तयारी

वाइनची भाषा सुरुवातीला परकी वाटते, पण तिच्यातल्या मुख्य चवी आपल्या घरातच असतात. एका संध्याकाळी ओळीने पुढील गोष्टी चाखून पाहाव्यात. आधी लिंबाचे बिनसाखरेचे पाणी घ्यावे. गालांच्या आतल्या बाजूने लाळ सुटते, हा आंबटपणा. मग दूध-साखर न घातलेला, दहा मिनिटे मुरलेला कडक चहा घ्यावा. हिरड्या आणि जीभ कोरड्या पडतात, ओठ दातांना चिकटल्यासारखे वाटतात, हा तुरटपणा म्हणजेच टॅनिन. आवळ्यात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी भेटतात, म्हणून शेवटी आवळ्याची एक फोड चावून तोंडात नेमके कुठे काय होते, याकडे लक्ष द्यावे.

पुष्कळ नवखे लोक तुरट वाइनला ‘कडू’ आणि आंबट वाइनला ‘खराब’ म्हणून बाजूला सारतात. हा एक तासाचा अभ्यास केला, तर ही गल्लत होत नाही. तुरटपणा द्राक्षाच्या साली, बिया आणि काही वेळा लाकडी पिंप यांतून येतो. रेड वाइनमध्ये रस सालीसह आंबवतात, म्हणून तिला रंगही असतो आणि तुरटपणाही. व्हाइट वाइनसाठी रस आधीच सालींपासून वेगळा काढतात, म्हणून ती हलकी आणि आंबटसर लागते.

४. पहिली बाटली कोणती

माझे मत स्पष्ट आहे. नागपुरात राहणाऱ्याने सुरुवात महागड्या रेड वाइनने करू नये. नाशिकच्या शेनिन ब्लां या द्राक्षाच्या, किंचित गोडसर आणि थंड केलेल्या व्हाइट वाइनने करावी. ती आपल्या हवेला मानवते, आपल्या जेवणाशी भांडत नाही आणि तिच्यातला आंबट-गोडाचा तोल नवख्याच्या जिभेलाही लगेच उमगतो. दुसरी बाटली सोव्हिन्यों ब्लांची घ्यावी. तिच्यात कच्चा पेरू, कापलेले गवत आणि चक्क ढोबळी मिरचीचा वास येतो. हा मनाचा खेळ नसतो. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारी मेथॉक्सिपायराझिन गटातली द्रव्ये या द्राक्षातही असतात. तिसरी शिराझ घ्यावी, जिच्यातला काळ्या मिरीचा वास रोटंडोन या द्रव्यामुळे येतो आणि हेच द्रव्य खऱ्या मिरीतही असते. असे काही नाकाला एकदा ओळखू आले, की पुढची ओढ आपोआप लागते. माझ्या बाबतीत ते काम ढोबळी मिरचीने केले.

इथे एक समज दूर करायला हवी. आपल्याकडे अनेक घरांत ‘वाइन’ म्हणजे गोड, दाट, स्वस्त ‘पोर्ट’ असेच समीकरण असते. खरी पोर्ट ही पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली असते आणि त्या प्रदेशाच्या सीमा १७५६ मध्येच आखून दिल्या गेल्या. तिथे रस आंबत असताना मध्येच द्राक्षाचे तीव्र मद्य घालून आंबणे थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क साधारण वीस टक्क्यांपर्यंत जातो. केवळ त्या नावाची स्वस्त बाटली पिऊन वाइनविषयी मत बनवू नये.

५. दुकानात काय पाहावे

आपल्याकडे ज्या दुकानावर ‘वाइन शॉप’ अशी पाटी असते, तिथे बहुतेक माल व्हिस्कीचा आणि बिअरचा असतो आणि वाइन एका कोपऱ्यात उभी असते. तो कोपरा कुठे आहे, हे आधी पाहावे. पश्चिमेच्या काचेतून ऊन पडणाऱ्या फळीवर, दिव्याखाली किंवा फ्रीजच्या मोटारीच्या मागे ठेवलेली बाटली घेऊ नये, मग तिच्यावर कितीही सूट असो. मी एका दुकानातून सवलतीत घेतलेल्या तीन बाटल्यांपैकी तिन्ही उष्णतेने शिजलेल्या निघाल्या होत्या. वातानुकूलित दुकान आणि भराभर खपणारा माल, या दोनच कसोट्या लावाव्यात. शक्यतो वाइनची खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी. उन्हाळ्यात घेतलीच, तर संध्याकाळी उशिरा घ्यावी आणि बाटली गाडीच्या डिकीत ठेवून इतर कामे उरकत बसू नये.

हातात घेतल्यावर बूच तोंडाच्या पातळीत आहे का, मानेवर ओघळ आहे का आणि वाइन मानेपर्यंत भरलेली आहे का, हे पाहावे. लेबलवर द्राक्षाचे नाव, प्रदेश आणि वर्ष शोधावे. वर्ष म्हणजे द्राक्षे तोडल्याचे वर्ष. भारतीय व्हाइट आणि रोझे (गुलाबी) वाइन ताजी असतानाच चांगली लागते, म्हणून त्यातल्या त्यात अलीकडचे वर्ष घ्यावे. ‘जुनी म्हणजे चांगली’ हे जगातल्या फार थोड्या वाइनना लागू पडते, आणि त्याही थंड तळघरात ठेवलेल्या असतील तरच.

६. तापमान : नागपूरकराने सर्वांत जास्त जपायची गोष्ट

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे भेटेल. त्यातली खोली युरोपातल्या दगडी घराची असते आणि तिचे तापमान साधारण सोळा ते अठरा अंश असते. धरमपेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एप्रिलच्या रात्री पंखा चालू असतानाही पारा तिशीच्या खाली येत नाही. त्या तापमानाला रेड वाइनमधला मद्यार्क नाकाला झोंबतो, फळाचा वास दबतो आणि तुरटपणाचा तोल बिघडतो. म्हणून आपल्याकडे रेड वाइनसुद्धा पिण्यापूर्वी फ्रीजमध्ये ठेवून थंड केलीच पाहिजे. थर्मामीटरने मोजून पुढील आकडे एकदा स्वतः अनुभवावेत :

- फसफसणारी वाइन : ६ ते ८ अंश
- व्हाइट : ८ ते १२ अंश
- रोझे : १० ते १२ अंश
- रेड : १४ ते १८ अंश

घाई असेल, तर बादलीत नुसता बर्फ टाकून भागत नाही, कारण खड्यांच्या मधल्या हवेमुळे गारवा बाटलीपर्यंत नीट पोहोचत नाही. बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन त्यात मूठभर मीठ टाकावे. पंधरा-वीस मिनिटांत व्हाइट वाइन तयार होते. ग्लासात एका वेळी थोडीच ओतावी, कारण आपल्या हवेत ग्लासातली वाइन दहा मिनिटांत तापते.

साठवणुकीसाठी बारा ते पंधरा अंश, अंधार आणि स्थिरता लागते. वाइनसाठीचा वेगळा फ्रीज नसेल, तर घरच्या फ्रीजच्या तळाच्या भाजीच्या कप्प्यात बाटली आडवी ठेवावी. दारातल्या फळीवर ती सतत हलते आणि तापते. कूलरच्या खोलीत, देवघराखालच्या कपाटात किंवा पलंगाखाली ठेवलेली बाटली मार्चपर्यंत टिकेल, मे महिन्यात टिकणार नाही. म्हणून माझा नियम असा आहे, की भाजीच्या कप्प्यात मावतील तेवढ्याच बाटल्या मार्चनंतर घरात असू द्यायच्या, बाकीच्या होळीपूर्वी मित्रमंडळींत संपवायच्या.

फसफसणाऱ्या वाइनच्या बाबतीत तर हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिच्या बाटलीत मोटारीच्या टायरच्या जवळजवळ अडीचपट दाब असतो आणि कोमट बाटलीचे बूच तारेची जाळी सैल करताच उडू शकते. बाटली पूर्ण थंड करावी, तोंड माणसांपासून दूर धरावे, बूच अंगठ्याखाली घट्ट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या हाताने बाटली हळूहळू फिरवावी.

उष्णतेचे वाइनशी नेहमीच वैर असते असे नाही, हेही इथे सांगायला हवे. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाइन पूर्वी जहाजांतून उष्ण समुद्रांवरून जात असे आणि तापून तिला एक खमंग, जळक्या साखरेसारखी चव येई. ती इतकी आवडली, की पुढे तिथे वाइन मुद्दाम तापवू लागले. मात्र ती वाइन त्यासाठीच घडवलेली आणि मद्य घालून बळकट केलेली असते. आपल्या माळ्यावर मदेरा तयार होत नाही.

७. घोट कसा घ्यावा

ग्लासाचा खालचा तिसरा हिस्साच भरावा. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहावा, ग्लास टेबलावर ठेवूनच दोन-तीन वेळा फिरवावा आणि मग नाक आत घालून वास घ्यावा. पहिल्या वासात काहीच कळले नाही, तर काळजी करू नये. एक मिनिट थांबून पुन्हा घ्यावा. घोट घेतल्यावर तो तोंडभर फिरवावा आणि गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजावे. मग वहीत चार ओळी लिहाव्यात. पुस्तकातले शब्द वापरण्याची गरज नाही. माझ्या वहीत ‘पहिल्या पावसात भिजलेला मुरूम’, ‘आजीच्या पेटीतली लवंग’, ‘संत्र्याच्या सालीचा फवारा’ असे शब्द आहेत आणि चार वर्षांनी वाचतानाही ती ती वाइन मला तोंडात आठवते. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर ते बुचातून येणारे दूषण असते. ती बाटली बाजूला ठेवावी आणि वाइनच्या त्या प्रकाराविषयी मत बनवू नये.

७५० मिलिलीटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात. चाखण्यासाठी पन्नास मिलिलीटर पुरेसे असते. चाखल्यावर गाडी चालवायची नाही, हे आधीच ठरवून घरी जाण्याची सोय करावी.

८. सावजी, पाटोडी आणि वडाभात

काळी मिरीचा वास असलेली शिराझ आणि मिरी-दगडफुलाचा काळा सावजी रस्सा यांची जोडी जमेल, असे कागदावर वाटते. मी ती दोन वेळा करून पाहिली आणि दोन्ही वेळा पश्चात्ताप झाला. तिखटाने सोलवटलेल्या तोंडात मद्यार्क आग वाढवतो आणि रेडचा तुरटपणा त्या आगीवर कोरडा थर चढवतो. सावजी मटणाबरोबर खूप थंड केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लां किंवा हलकी रोझे घ्यावी. साखरेचा तो अंश तिखट निवळतो आणि आंबटपणा तर्री कापतो. पाटोडी रस्स्यालाही हेच चालते. सांबारवडीबरोबर सोव्हिन्यों ब्लां फार सुरेख लागते, कारण सांबाराचा, म्हणजे आपल्याकडच्या कोथिंबिरीचा, हिरवा वास आणि त्या वाइनचा हिरवा वास एकमेकांना उचलून धरतात. फोडणीचे तेल घातलेल्या वडाभाताबरोबर फसफसणारी वाइन घेऊन पाहावी. तिचे बुडबुडे तेलकटपणा धुऊन काढतात. संत्रा बर्फीबरोबर मात्र कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, वाइन घेऊ नये, ती आंबटढाण लागते. वाइन नेहमी गोड पदार्थापेक्षा अधिक गोड असली पाहिजे, म्हणून तिथे वेलीवर उशिरापर्यंत राखलेल्या द्राक्षांची गोड वाइन शोधावी.

९. एक द्राक्ष, अनेक प्रदेश

प्रदेशांची गोडी लावून घेण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे द्राक्ष एकच ठेवून जागा बदलणे. शेनिन ब्लां नाशिकची, दक्षिण आफ्रिकेची आणि फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या व्हूव्रेची अशी शेजारी ठेवावी. सोव्हिन्यों ब्लांसाठी नाशिक, न्यूझीलंडचे मार्लबरो आणि ल्वारकाठचेच सान्सेर घ्यावे. शिराझसाठी नाशिक, ऑस्ट्रेलियाची बरोसा व्हॅली आणि फ्रान्सच्या ऱ्होन नदीचे उत्तर खोरे. तीन ग्लास एका ओळीत ठेवले, की काटोलच्या बागेतले वडिलांचे वाक्य मला पुन्हा ऐकू येते : झाड तेच, जमीन वेगळी.

परदेशी वाइनवर दीर्घकाळ दीडशे टक्के आयात शुल्क राहिले आहे, त्यामुळे हे एकट्याने करणे खिशाला परवडत नाही. आम्ही आठ जणांनी यासाठी भिशी सुरू केली. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची, ज्याची पाळी असेल त्याच्या घरी तीन बाटल्या उघडायच्या, लेबले वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची आणि सगळ्यांनी आपापले लिहून झाल्यावरच कागद काढायचे. प्रत्येकाकडे परवाना असल्याची खात्री मात्र पहिल्याच बैठकीत करून घ्यावी.

१०. नाशिक पाहणे

नागपूर आणि नाशिक जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, तरी द्राक्षे तिकडे पिकतात. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर, आपली सुमारे तीनशे. त्या उंचीमुळे हिवाळ्याच्या रात्री गार राहतात आणि द्राक्षातला आंबटपणा टिकतो. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि वर्षाला एकदाच छाटला जातो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लागते आणि फळ पावसाळ्याऐवजी जानेवारी ते मार्चमध्ये हाती येते. आपल्या बहार धरण्याशी याचे नाते किती जवळचे आहे, हे संत्र्याच्या घरातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून जायचे तर फेब्रुवारीत जावे. राजीव सामंत यांनी सुरू केलेल्या सुला या वाइनरीमुळे गंगापूर धरणाचा परिसर प्रसिद्ध झाला. तिथे पहिल्या दिवशी जावे, पण गर्दी टाळण्यासाठी शनिवार-रविवार सोडून. दुसरा दिवस दिंडोरीकडे किंवा इगतपुरीकडच्या लहान वाइनरींसाठी ठेवावा. तिथे बोलायला माणसे मोकळी असतात. दिवसाला दोनच ठिकाणे पाहावीत, तिसऱ्या ठिकाणी जीभ थकलेली असते. पुढे कधी सवड झाली, तर सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला जावे. तिथे सांजोव्हेझे हे इटलीच्या टस्कनी प्रांतातले द्राक्ष आपल्या मातीत वाढलेले चाखता येते.

बागेत गेल्यावर माळ्याला विचारून वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोडून खावा. तो बाजारातल्या खाण्याच्या द्राक्षाहून लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो, आणि चवीला त्याहून कितीतरी गोड. बी दाताखाली चावावी. तिसऱ्या टप्प्यातला कडक चहा तिथे पुन्हा भेटतो.

परतीच्या प्रवासात सर्वांत मोठा धोका आहे आणि त्याची कल्पना बहुतेकांना नसते. समृद्धी महामार्ग असो की रेल्वे, नाशिकहून नागपूरला येताना वर्धा जिल्हा ओलांडावा लागतो आणि तिथे १९७०च्या दशकापासून संपूर्ण दारूबंदी आहे. आवडलेल्या सहा बाटल्या डिकीत घालून निघालेली आमच्या भिशीतली एक जोडी तपासणीत अडकली आणि त्यांचा आख्खा दिवस ठाण्यात गेला. नागपूरहून गडचिरोलीकडे जातानाही हीच काळजी घ्यावी, तिथे १९९३ पासून बंदी आहे. त्यामुळे बाटल्या नाशिकलाच सोडाव्यात. लेबलचे छायाचित्र काढावे, वहीत द्राक्ष, वर्ष आणि चव लिहून घ्यावी आणि नागपूरच्या आपल्या नेहमीच्या दुकानदाराला ते छायाचित्र दाखवून बाटली मागवून घ्यावी. थंडीचे दिवस असतील, तर ती आठवडा-दोन आठवड्यांत सुखरूप येते. मार्च उलटला असेल, तर मी दिवाळीपर्यंत थांबते.